वृत्ताभास आणि उपहासाचे उत्तरदायित्व

१

दूरचित्रवाणीवरील उपहासात्मक कार्यक्रमांविषयी एक विधान वारंवार केले जाते : जे सत्य बातमीदाराने सांगावयास हवे होते ते विदूषकाने सांगितले. विधान आकर्षक आहे, आणि विदूषकाला सत्यवक्त्याचे स्थान देणाऱ्या जुन्या नाट्यपरंपरेशी त्याचे नाते असल्यामुळे ते सहज पटतेही. मात्र त्यात दोन भिन्न दावे एकमेकांत गुंफलेले आहेत. पहिला दावा ज्ञानविषयक आहे : उपहासामुळे व्यापारी वृत्तव्यवसायाचे दोष दृष्टीस पडतात. दुसरा नैतिक आहे : हे दोष दाखविण्याचा अधिकार उपहासकाराला आहे, आणि तो अधिकार बजावताना बातमीदारावर असणारे सत्याचे बंधन त्याच्यावर नाही. पहिला दावा मान्य केला म्हणून दुसरा आपोआप सिद्ध होत नाही. असत्याचा पर्दाफाश करण्यासाठी जो स्वतः रचित, अतिशयोक्त आणि प्रसंगी फसव्या विधानांचा आश्रय घेतो, तो सत्याला किती बांधलेला असतो, हा प्रश्न त्यानंतरही शिल्लक राहतो. प्रस्तुत विवेचनाचा विषय हा शिल्लक राहिलेला प्रश्न आहे. त्यासाठी ब्रिटन आणि अमेरिका येथील १९९४ नंतरची काही उदाहरणे विचारात घेतली आहेत, कारण या प्रश्नाच्या सर्व बाजू त्यांत स्पष्टपणे दिसतात.

२

उपहास नेमके काय उघड करतो, हे प्रथम ठरवावे लागेल. बातमीतील असत्य, हे उत्तर अपुरे आहे. विशिष्ट बातमी खोटी असल्याचे दाखविण्यासाठी पुरावा लागतो, विडंबन लागत नाही. ते काम दुसरा बातमीदार अधिक चांगले करू शकतो. १९९४ मध्ये बीबीसी टू या वाहिनीवर प्रक्षेपित झालेली 'द डे टुडे' ही क्रिस मॉरिस आणि आर्मांडो इयानुच्ची यांची सहा भागांची मालिका या संदर्भात उद्बोधक आहे. तिच्यातील बातम्या उघडउघड असंभाव्य होत्या. तत्कालीन वृत्तांची थट्टा तिच्यात जवळजवळ नव्हती. विडंबन होते ते शीर्षकसंगीताचे, गरगरणाऱ्या आकृत्यांचे, निवेदकाच्या आवाजातील अधिकाराचे, वार्ताहराला पडद्यावरूनच दरडावण्याच्या रीतीचे. तिच्या एका भागात ऑस्ट्रेलिया आणि हाँगकाँग यांच्यातील व्यापारी कराराची शुभवार्ता येते. निवेदक संबंधित मंत्र्यांना प्रश्न विचारता विचारता चिथावत जातो, त्यांच्यात वितुष्ट आणतो आणि अखेरीस युद्धाची घोषणा घडवून आणतो. युद्ध सुरू होताच वृत्तकक्षाचे रूपच पालटते. त्यासाठीची सामग्री जणू आधीपासून सज्ज होती, उणीव फक्त युद्धाची होती.

या प्रसंगात कोणतीही विशिष्ट बातमी खोटी ठरविलेली नाही. बातमीचा आकार आशयावाचून चालू शकतो, आणि चालू राहण्यासाठी तो आशय निर्माणही करू शकतो, हे मात्र दाखविले आहे. हॅरी फ्रँकफर्ट या अमेरिकन तत्त्वचिंतकाने १९८६ मध्ये प्रथम प्रसिद्ध केलेल्या आणि २००५ मध्ये पुस्तकरूपाने आलेल्या निबंधात केलेला एक भेद येथे उपयोगी पडतो. खोटे बोलणारा सत्याची दखल घेतो. सत्य कोठे आहे हे ठाऊक असल्याखेरीज ते लपविता येत नाही. याउलट, आपले म्हणणे खरे की खोटे याविषयीच जो बेफिकीर असतो, तो सत्याला अधिक घातक असतो. व्यापारी दूरचित्रवाणीवरील वृत्तव्यवहाराचा दोष बहुधा या दुसऱ्या प्रकारचा असतो. १९८० मध्ये सीएनएनने चोवीस तासांच्या वृत्तप्रसारणाला आरंभ केल्यापासून वेळ भरून काढणे हे वृत्तकक्षाचे नित्यकर्म झाले. घटनास्थळी वार्ताहर पाठविणे, कागदपत्रे तपासणे, आठवडेच्या आठवडे एका प्रकरणामागे राहणे हे खर्चाचे काम आहे. दोन वाक्पटू माणसांना समोरासमोर बसवून भांडविणे स्वस्त आहे. जाहिरातदाराला विकली जाते ती प्रेक्षकाची नजर. ती खिळवून ठेवण्यासाठी खात्री पटविणारा स्वर पुरतो, खात्री करून घेण्याची आवश्यकता भासत नाही. यात कोणा एका निवेदकाची दुष्टबुद्धी शोधण्याचे कारण नाही. बेफिकिरी येथे व्यवस्थेतच अंतर्भूत आहे.

अभिनवगुप्ताची हास्यविषयक मीमांसा या ठिकाणी अनपेक्षितपणे साहाय्याला येते. भरताने हास्याची उत्पत्ती शृंगाराच्या अनुकृतीतून मानली होती. अभिनवगुप्ताने तिचा विस्तार करून कोणत्याही रसाचा आभास हास्याला कारण होतो आणि त्याच्या मुळाशी अनौचित्य असते, असे प्रतिपादन केले. सीतेविषयी रावणाला वाटणारी रती हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण. रावणाच्या उद्गारांत प्रेमाच्या भाषेचे काही उणे नाही. उणा आहे तो परस्परभाव, म्हणजे तिचा आधार. रावणाला स्वतःला हे उमगत नाही. प्रेक्षकालाही तन्मयतेच्या क्षणी शृंगाराचाच प्रत्यय येतो. मागचापुढचा संबंध ध्यानी घेतल्यावर त्या प्रत्ययाचे हास्यात पर्यवसान होते. आभासाचे आभासपण ओळखण्यासाठी पौर्वापर्याचा विवेक लागतो, हे या विवेचनाचे मर्म आहे.

वृत्तव्यवहाराला हे मर्म लागू करता 'वृत्ताभास' अशी एक संकल्पना हाती येते. निवेदकाचे गांभीर्य, घाईचा स्वर, पडद्यावरील अक्षरांची धावपळ ही वृत्ताची सर्व लक्षणे हजर असतात. नसते ती गोष्ट ज्यासाठी ही लक्षणे अस्तित्वात आली ती, म्हणजे शहानिशा केलेली वार्ता. शिवाय दूरचित्रवाणीचा प्रवाह असा की एका दृश्याला पुढचे दृश्य पुसून टाकते आणि पौर्वापर्याचा विवेक करण्यास अवसर मिळत नाही. उपहास हा अवसर परत मिळवून देतो. न्यूयॉर्कहून प्रक्षेपित होणाऱ्या 'द डेली शो'मध्ये जॉन स्ट्युअर्ट यांनी १९९९ ते २०१५ या काळात जी पद्धत रूढ केली तिचे सार एवढेच होते : एखाद्या व्यक्तीचे आजचे विधान आणि तिचेच पूर्वीचे विधान शेजारी शेजारी ठेवावयाचे. मार्च २००९ मध्ये, आर्थिक अरिष्ट ऐन भरात असताना, सीएनबीसीवरील गुंतवणूक-सल्लागार जिम क्रेमर यांच्यासमोर त्यांचीच २००६ मधील ध्वनिचित्रफीत ठेवण्यात आली. शेअरबाजारात भाव कसे हलविले जातात याचे मोकळेपणाने केलेले वर्णन तीत होते. नवे संशोधन असे त्यात फारसे नव्हते. पुसले गेलेले पौर्वापर्य तेवढे पुन्हा मांडलेले होते. मुलाखत जसजशी पुढे गेली तसतसे हसू ओसरत गेले, ही गोष्टही अर्थपूर्ण आहे.

३

येथपर्यंत उपहासाची बाजू भक्कम दिसते. आता अडचणीच्या उदाहरणाकडे वळावयास हवे. १९९७ मध्ये ब्रिटनच्या चॅनेल फोरवर दाखविण्यात आलेली क्रिस मॉरिस यांची 'ब्रास आय' ही मालिका वृत्ताभासाच्या अनुकरणावर थांबली नाही. तिने खऱ्या व्यक्तींना त्या आभासात ओढले. मादक द्रव्यांविषयीच्या भागासाठी 'केक' नावाच्या अस्तित्वातच नसलेल्या द्रव्याविरुद्ध मोहीम उभारण्यात आली आणि अनेक प्रसिद्ध व्यक्तींनी कॅमेऱ्यासमोर त्याच्या भयंकर परिणामांची ग्वाही दिली. हे द्रव्य 'बनवलेले' आहे असे त्यांच्याकडून वदवूनही घेण्यात आले होते. मूळ इंग्रजी शब्दप्रयोगातील श्लेष मराठीतील 'बनवणे' या क्रियापदातही तंतोतंत उतरतो. हुजूर पक्षाचे खासदार डेव्हिड एमेस यांनी तर या द्रव्याविषयी ब्रिटिश संसदेत प्रश्न उपस्थित केला.

फसवणुकीचा हा मार्ग नैतिकदृष्ट्या समर्थनीय आहे काय? परिणामांकडे पाहून याचे समर्थन करणे सोपे आहे : थोड्या व्यक्तींची फजिती झाली, पण भयावर पोसलेल्या प्रचाराची पोकळी लाखोंना दिसली. हे समर्थन मात्र धोक्याचे आहे, कारण व्यापारी वृत्तवाहिनीही आपल्या अतिरंजिताचे समर्थन नेमके याच तर्काने करीत असते. एखाद्या अतिशयोक्तीमुळे जनजागृती झाली तर बिघडले कोठे, असा तिचा प्रश्न असतो. म्हणून समर्थनाचा आधार परिणामात शोधण्याऐवजी फसवल्या गेलेल्याच्या कर्तव्यात शोधावा लागेल. ज्याला फसवले त्याच्यावर चौकशी करण्याचे कर्तव्य होते काय? ते पार पाडण्याची संधी त्याला दिली होती काय? आणि फसवणुकीतून उघड झालेली गोष्ट नेमकी तीच कर्तव्यच्युती होती काय? या तिन्ही प्रश्नांचे उत्तर होकारार्थी असेल तर फसवणूक ही एक प्रकारची परीक्षा ठरते. एखादे उत्तर नकारार्थी असेल तर ती निव्वळ क्रूर खोडी ठरते. आपल्या कीर्तीचे वजन अज्ञात विषयावरील विधानामागे उभे करणारी व्यक्ती पहिल्या प्रश्नातून सुटू शकत नाही. संसदेत प्रश्न विचारणारा लोकप्रतिनिधी तर मुळीच सुटू शकत नाही.

तरीही हिशेब पूर्ण मिटत नाही. एमेस यांनी विचारलेला प्रश्न खोट्या माहितीवर आधारलेला होता, पण त्यामागील चिंता खोटी होती असे म्हणता येत नाही. २०२१ मध्ये आपल्या मतदारांच्या गाठीभेटी घेत असताना त्यांची हत्या झाली. चार दशकांच्या आसपास संसदेत काम केलेल्या माणसाची आठवण काढताना अनेकांना तो एक विनोद आठवावा, यात उपहासाचे सामर्थ्य जसे दिसते तसे त्याचे ऋणही दिसते. परीक्षा घेण्याचा अधिकार होता, हे मान्य केले तरी परीक्षा कठोर होती आणि तिचा निकाल कायमचा लागला, हेही मान्य करावे लागते. समर्थनीय कृतीतूनही काही देणे शिल्लक राहू शकते. ते नाकारणारा उपहासकार स्वतःच बेफिकिरीच्या बाजूला झुकतो.

या मालिकेचा २००१ मधील विशेष भाग या दृष्टीने अधिक बोलका आहे. बालकांच्या लैंगिक शोषणाविषयी वृत्तमाध्यमांनी माजविलेला कल्लोळ हा त्याचा विषय होता. त्याच्या आदल्या वर्षी 'न्यूज ऑफ द वर्ल्ड' या साप्ताहिकाने अशा गुन्ह्यांत दोषी ठरलेल्यांची नावे व छायाचित्रे छापण्याची मोहीम चालविली होती. पाठोपाठ पोर्ट्समथमध्ये जमावाने घरांवर चाल केली; वेल्समध्ये एका बालरोगतज्ज्ञाच्या घराच्या दर्शनी भागावर अपशब्द रंगविण्यात आले, कारण इंग्रजीत त्या वैद्यकशाखेच्या नावाचा आरंभ आणि त्या गुन्ह्याच्या नावाचा आरंभ सारखाच होतो. विशेष भागात एका प्रसिद्ध नभोवाणी निवेदकाने, अशा गुन्हेगारांची जनुके माणसापेक्षा खेकड्याशी अधिक जुळतात हे शास्त्रीय सत्य आहे, त्याला पुरावा नाही पण ते सत्य आहे, अशा आशयाचे वाक्य गंभीरपणे वाचून दाखविले. पुराव्यापासून सुटलेल्या 'सत्या'चे याहून नेमके उदाहरण सापडणे कठीण. कार्यक्रमानंतर संतापाचा लोंढा उसळला. त्याचा निषेध करणाऱ्या एका मंत्र्याला आपण तो पाहिलेलाच नाही हे मान्य करावे लागले. एका टॅब्लॉइड वृत्तपत्रात तर निषेधाच्या मजकुराशेजारीच पंधरा वर्षांच्या एका गायिकेच्या शरीराविषयी चवीने लिहिलेला मजकूर छापून आला. विडंबनाला जे रचावे लागले असते ते वृत्तपत्राने स्वतःच रचून दिले. मात्र ज्यांनी असे शोषण प्रत्यक्ष भोगले त्यांच्यापैकी कोणाला तो कार्यक्रम पाहून वेदना झाली असेल, तर त्या वेदनेला वृत्तपत्राच्या दांभिकतेने उत्तर मिळत नाही. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात.

४

उत्तरदायित्वाचा प्रश्न सर्वांत स्पष्टपणे उपस्थित झाला तो १५ ऑक्टोबर २००४ रोजी, सीएनएनच्या 'क्रॉसफायर' या वादकार्यक्रमात. उजव्या बाजूने टकर कार्लसन आणि डाव्या बाजूने पॉल बेगाला असे त्याचे स्वरूप होते. पाहुणे म्हणून आलेल्या स्ट्युअर्ट यांनी विनोद करण्याचे नाकारले आणि तुमचा कार्यक्रम देशाचे नुकसान करीत आहे, तुम्ही वादविवाद करीत नसून नाटक करीत आहात, असे सूत्रसंचालकांना तोंडावर सांगितले. कार्लसन यांनी प्रत्युत्तरादाखल, स्ट्युअर्ट यांनी अध्यक्षपदाचे उमेदवार जॉन केरी यांना किती गुळमुळीत प्रश्न विचारले होते, याची आठवण करून दिली. त्यावर स्ट्युअर्ट यांचे उत्तर असे की, आपल्या कार्यक्रमाच्या आधी बाहुल्यांचा खोडकर कार्यक्रम लागतो. वृत्तवाहिनीने आपला मापदंड विनोदी वाहिनीकडे पाहून ठरवावा काय? पुढे जानेवारी २००५ मध्ये सीएनएनने 'क्रॉसफायर' बंद करण्याचा निर्णय जाहीर केला आणि वाहिनीच्या प्रमुखांनी स्ट्युअर्ट यांच्या टीकेशी सहमती दर्शविली.

या वादात स्ट्युअर्ट विजयी झाले हे सर्वमान्य आहे. परंतु कार्लसन यांचा आक्षेप वाटतो तितका क्षुल्लक नव्हता. स्ट्युअर्ट यांच्या उत्तरात एक खरे तत्त्व आहे : बंधन आश्वासनातून उत्पन्न होते. वृत्तवाहिनी स्वतःला वृत्तवाहिनी म्हणवून घेते तेव्हा ती प्रेक्षकाला सत्याचे आश्वासन देते. विनोदी वाहिनी तसे आश्वासन देत नाही. दिलेले वचन मोडणारा आणि वचनच न देणारा यांना एका मापाने मोजता येत नाही. पण आश्वासन शब्दांनीच दिले जाते असे नाही. वर्षानुवर्षे लोक एखाद्यावर विसंबून राहतात, हे त्याला ठाऊक असते आणि त्या विसंबण्यातूनच त्याला प्रतिष्ठा लाभते, तेव्हा न बोलताही एक आश्वासन दिले जाते. उमेदवार ज्याच्या व्यासपीठावर येऊ इच्छितात त्याला, मी केवळ विनोद करतो, ही ढाल पूर्वीइतकी वापरता येत नाही.

या ढालीचे पुढे जे झाले ते अधिक चिंतनीय आहे. कार्लसन नंतर फॉक्स न्यूजवरील अतिशय लोकप्रिय सूत्रसंचालक झाले. त्यांच्या एका कार्यक्रमावरून दाखल झालेला बदनामीचा दावा सप्टेंबर २०२० मध्ये न्यूयॉर्कच्या संघीय न्यायालयाने फेटाळला. वाहिनीचा एक युक्तिवाद असा होता की, समंजस प्रेक्षक या कार्यक्रमातील विधाने शब्दशः घेत नाही. त्यांत अतिशयोक्ती असते हे त्याला ठाऊक असते. न्यायालयाने तो ग्राह्य धरला. कायद्याच्या दृष्टीने तो निर्णय योग्य असू शकेल. नैतिक दृष्टीने मात्र तेथे एक वर्तुळ पूर्ण झालेले दिसते. २००४ मध्ये विदूषकाने जी सवलत मागितली होती ती सोळा वर्षांनी वृत्तवाहिनीने मागितली आणि तिला ती मिळाली. 'शब्दशः घेऊ नका' हे उपहासाचे वाक्य वृत्ताभासाचे संरक्षक कवच बनले.

यातून निघणारा निष्कर्ष असा की, सत्याच्या बंधनातून मिळणारी सूट ही प्रकारनामावर अवलंबून ठेवता येत नाही. 'बातमी', 'मतप्रदर्शन', 'विनोद' या पाट्या बदलता येतात, आणि जो पाटी बदलू शकतो तो बंधनही चुकवू शकतो. सूट द्यावयाची तर ती कृतीच्या स्वरूपावरून द्यावी लागेल. विडंबनातील असत्य हे ओळखले जाण्यासाठी रचलेले असते. ते ओळखले गेले की त्याचे कार्य सिद्धीस जाते. वृत्ताभासातील असत्य ओळखले न जाण्यावर जगते. ते ओळखले गेले की त्याचा धंदा बसतो. अत्र्यांच्या विडंबनकवितांचा आस्वाद घेणारा मराठी वाचक त्या कवितांना मूळ कविता समजला असता तर विडंबन फसले असते. 'केक'चे रहस्य प्रक्षेपणातच उघड केले गेले, ते उघड करणे हाच प्रक्षेपणाचा हेतू होता. ही कसोटी उपहासाला संरक्षण देते तशी त्याच्यावर जबाबदारीही टाकते : ओळख पटेल अशी व्यवस्था रचनेतच ठेवणे हे उपहासकाराचे कर्तव्य ठरते.

५

ही ओळख पटणे मात्र एकट्या उपहासकाराच्या हाती नसते. वेन बूथ यांनी १९७४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात स्थिर उपरोधाचे जे विश्लेषण केले आहे त्यानुसार वाचक शब्दार्थ नाकारतो आणि लेखकाशी असलेल्या समान भूमीवरून दुसरा अर्थ उभारतो. ही समान भूमीच ढळली तर? २००५ ते २०१४ या काळात स्टीफन कोल्बेअर यांनी एका अहंमन्य उजव्या भाष्यकाराची भूमिका अखंडपणे वठविली. पुराव्याऐवजी अंतःप्रेरणेला 'सत्य' वाटणाऱ्या गोष्टीसाठी त्यांनी पहिल्याच भागात चलनात आणलेल्या शब्दाची अमेरिकन डायलेक्ट सोसायटीने २००५ चा शब्द म्हणून निवड केली. परंतु २००९ मध्ये ओहायो राज्य विद्यापीठातील संशोधकांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे आढळले की, उदारमतवादी आणि रूढिवादी असे दोन्ही प्रेक्षक या कार्यक्रमाला हसत होते, पण रूढिवादी प्रेक्षकांचा कल, तो विनोदाच्या आडून आपलेच मत मांडतो आहे, असे मानण्याकडे होता. एकाच हास्यातून दोन परस्परविरोधी निष्ठा पुष्ट होत होत्या. येथे उपहास वृत्ताभासासारखाच वागू लागतो : ज्याला जे हवे ते त्याला त्यात मिळते.

दुसरी मर्यादा उपजीविकेची आहे. उपहास वृत्तावर जगतो. जॉन ऑलिव्हर यांच्या 'लास्ट वीक टुनाइट' या, जाहिराती न घेणाऱ्या एचबीओ वाहिनीवरील कार्यक्रमाने ऑगस्ट २०१६ मध्ये एक संपूर्ण प्रकरण वृत्तपत्रांना वाहिले आणि आपल्यासारखे कार्यक्रम स्थानिक वार्ताहरांच्या कष्टांवर उभे आहेत, ते वार्ताहर नाहीसे होत आहेत, आणि प्रेक्षक त्या कष्टांची किंमत मोजावयास तयार नाहीत, असे स्पष्ट सांगितले. या कबुलीचे महत्त्व फार मोठे आहे. उपहास वृत्ताची जागा घेऊ शकत नाही. नगरपालिकेच्या सभेत रात्री उशिरापर्यंत बसून टिपणे घेणारा कोणी नसेल तर शेजारी शेजारी ठेवण्याजोगी दोन विधानेच उरणार नाहीत. वृत्ताभासावर हसून मोकळा झालेला प्रेक्षक जर सर्वच वृत्ताला आभास मानू लागला, तर उपहासाने आपल्याच मुळावर घाव घातला असे होईल. अविश्वास आणि विवेक या एक गोष्टी नव्हेत. सर्वांवर सारखा अविश्वास ठेवणाराही सत्याविषयी बेफिकीरच असतो.

६

रावणाच्या प्रेमाला हसणारा प्रेक्षक प्रेमाला हसत नसतो. प्रेम म्हणजे काय हे त्याला ठाऊक असते, म्हणूनच त्याला आभास दिसतो. वृत्ताभासाला हसणाऱ्याच्या मनातही वृत्त म्हणजे काय याची एक कल्पना, बहुधा अव्यक्त, जागी असावी लागते : कोणी तरी घटनास्थळी गेले, विचारले, पडताळले, चुकले तर कबूल केले. ही कल्पना जिवंत ठेवणे हे उपहासाचे अंतिम नैतिक कार्य होय, आणि त्याचे उत्तरदायित्वही तेथेच आहे. बातमीदारासारखे प्रत्येक वाक्य खरे असण्याचे बंधन त्याच्यावर नाही. पण ज्या मूल्याच्या आधारे तो हसवतो त्या मूल्याशी बेइमान न होण्याचे बंधन आहे. ते बंधन 'मी तर विदूषक' असे म्हणून सुटत नाही, कारण त्या मूल्यावाचून विदूषकाजवळ हसविण्यासाठी काहीच उरत नाही. एखाद्या उपहासाची कसोटी घ्यावयाची असेल तर हशा किती पिकला हे न पाहता हशा ओसरल्यावर प्रेक्षक कोणता प्रश्न विचारतो हे पाहावे. 'सगळेच खोटे' असे म्हणून तो उठला, तर वृत्ताभासाचाच विजय झाला. 'मग खरे काय घडले?' असे त्याने विचारले, तर उपहासाने आपले ऋण फेडले.